अहोबाईंची येळवस

त्यांचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर कुणीतरी ते त्यांच्यापर्यंत पोचवील आणि मला फोन येईल, "अहो मावशी, हे काय लिहून राहिल्या तुम्ही? दुसरे विषय संपले काय?" म्हणून नाव राहू द्या. आमच्या गावात तसंही त्यांचं नाव कागदापुरतंच होतं. पोरं त्यांना अहोबाई म्हणायची, पोरांचं ऐकून आम्ही म्हणायला लागलो, आणि आमचं ऐकून पोस्टमनसुद्धा.

त्याचं कारण असं की त्या लेकरांना अहो म्हणायच्या. आता आमच्याकडं लेकराला अहो कोण म्हणतं? 'अरे' म्हणलं तरी लाड झाला. नाहीतर 'ए गाढवा', 'ए मुडद्या', हेच कानावर. आणि ह्या बाई पहिलीतल्या, चड्डीची गुंडी तुटलेल्या पोराला म्हणायच्या, "अहो, इकडं या. बसा. आधी नाक पुसा, मग तक्रार सांगा." पोरगं बिचारं मागं वळून बघायचं, आपल्या मागं कुणी पाहुणा उभा आहे का म्हणून. तालुक्याहून साहेब तपासणीला आले तरी तेच, "अहो, इकडं या. बसा." आवाजसुद्धा तोच. नाक पुसा तेवढं साहेबाला म्हणायच्या नाहीत. पण एखाद्या दिवशी म्हणतील अशी धाकधूक मला कायम असायची.

त्या आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या. मी त्याच शाळेत खिचडी शिजवते. अजूनही शिजवते. पोरवयात मी शाळेत गेलेच नाही. चुलीपुढं बसून पहिलीचे पाठ ऐकून ऐकून अक्षरं उचलली. त्यामुळं लिहिताना मला अजूनही आधी आवाज येतो, मग अक्षर दिसतं. तुम्हीही हे कानानं वाचा म्हणजे झालं.

बाई हदगावकडच्या. कापसाच्या मुलखातल्या. आमच्या लातूरच्या माणसाला त्यांचं बोलणं ऐकून हसू यायचं. "काऊन हसून राहिले?" म्हणाल्या की पोरं आणखी हसायची. मग बाईही हसायच्या आणि म्हणायच्या, "तुमचं 'लई' मला द्या, माझं 'काऊन' तुम्ही घ्या." झाली अदलाबदल. आमच्या गावची पोरं अजूनही काऊन म्हणतात, आणि परगावचे पाहुणे चक्रावतात.

स्कूटीवरून यायच्या. पण स्कूटीला आडवं फावडं बांधलेलं. पहिल्या दिवशी पारावरच्या माणसांनी बघितलं आणि एकजण बोललाच, "बाई बदलीवर आल्या का रोजगार हमीवर?" बाईंनी गाडी थांबवली, उतरल्या, म्हणाल्या, "अजून ठरलं नाही. तुम्हाला कुठलं काम पाहिजे?" बाई गाडीवर बसून निघून गेल्या.

त्यांच्या तऱ्हा सांगायला बसले तर खिचडी करपेल. वर्गात खुर्चीवर त्या कधी बसल्या नाहीत. खुर्ची उशिरा येणाऱ्यासाठी राखीव. जो उशिरा येईल त्यानं सगळ्यांच्या समोर, फळ्याखाली, बाईंच्या खुर्चीवर बसायचं आणि आपण वाटेत काय बघितलं ते सांगायचं. आठवड्याभरात झालं असं की अर्धा वर्ग मुद्दाम उशिरा यायला लागला. सापाची कात बघितली, मोराचं पीस बघितलं, एकानं तर वाघ बघितला. मग बाईंनी नियम उलटा केला, जो सगळ्यात आधी येईल त्याला खुर्ची. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत फाटकावर पोरांची झोंबाझोंबी. माझ्याकडं किल्ली, मला दात घासू देईनात.

आता ज्या गोष्टीसाठी मी लिहायला बसले ती सांगते. ती गोष्ट जागेची आहे.

आमचं गाव किल्लारीच्या अंगाचं. भूकंपात जुनं गाव बसलं आणि माळावर नवं मांडलं. जुन्या गावात गल्ल्या अशा की समोरच्या घरातल्या फोडणीनं आपल्याला ठसका लागायचा. नव्या गावात रस्ते रुंद, घरं लांबलांब, आणि शाळेला जागा भरपूर. पुढं खोल्या, मागं थेट रस्त्यापर्यंत मोकळं. मोकळं म्हणजे काय, मुरूम, बाभळी आणि गाजरगवत. गावाला जे नको ते तिथं. लग्नातल्या पत्रावळी तिथं, मेलेलं कुत्रं तिथं, दारूच्या बाटल्या तिथं.

बाई आल्या त्या साली येळवस आली. येळवस म्हणजे वेळा अमावस्या. पुण्यामुंबईच्या माणसाला ठाऊक नसते म्हणून सांगते. मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी आमच्या भागात गाव ओस पडतं, संचारबंदी लागल्यासारखं. ज्याचं रान आहे तो बायकापोरं, पाहुणे, म्हातारीकोतारी गाडीत घालून रानात. तिथं कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप घालायची, आत पूजा मांडायची आणि जेवायचं. भज्जी असते. तुमची कांदाभजी नव्हे हो. पावटा, तूर, हरभरा, असतील ते ओले दाणे नि पालेभाजी बेसनात शिजवलेली. बाजरीच्या पिठाचे उकडलेले उंडे असतात. आणि आंबील, ताकातली, ज्वारीच्या पिठाची, लसूण घातलेली. शिवाय एक रीत आहे, बांधावरून जाणाऱ्याला उपाशी जाऊ द्यायचं नाही. ओळखीचा असो नसो, हाक मारायची, बसवायचं, वाढायचं.

रीत चांगलीच आहे. पण ज्याला रान नाही तो जन्मभर बांधावरूनच जाणारा, त्याचं काय? आमच्या बौद्धवाड्यात रान असलेली घरं बोटावर मोजण्यासारखी. माझी आई येळवसला आम्हा भावंडांना घेऊन निघायची ती कुणाची हाक येते तिकडं कान लावून. हाक यायची, खोटं कशाला बोलू. पण बसायचं कोपीच्या बाहेर, आणि आंबील वरून सोडायचे, भांड्याला भांडं लागू नये म्हणून. आता तसं नाही, आता शेजारी बसवतात. पण कुणी हाक मारल्याशिवाय जाता येत नाही, ते मात्र तसंच राहिलं.

तर हदगावकडच्या बाईंना येळवस नवी. आदल्या दिवशी त्यांनी वर्गात विचारलं, "उद्या कसली सुट्टी? कोण कुठं जाणार?" पोरांना हुरूप आला. कुणी म्हणे आमचं रान तळ्याजवळ, कुणी म्हणे आमचं ओढ्याच्या पल्याड, आमच्यात झोका बांधतेत. माझ्या शेजारणीची नात तिसरीत होती. तिची पाळी आली तशी ती म्हणाली, "आमचं रान बी तळ्याकडंच हाय."

पोरं फिसकन हसली. "बाई, खोटं बोलालीय. तेंचं रानच न्हाई."

पोरीनं दप्तरात तोंड खुपसलं. मी खिडकीतून बघत होते, तांदूळ निवडता निवडता माझा हात थांबला.

बाई म्हणाल्या, "अहो, काऊन रडून राहिल्या तुम्ही? उठा. सगळे उठा." आणि सगळ्या शाळेला घेऊन मागं, त्या गाजरगवतात.

"ही जागा कोणाची?"

"शाळंची."

"शाळा कोणाची?"

एक हुशार होतं, ते म्हणालं, "झेडपीची."

"झेडपी रोज शाळेत येऊन राहिली काय?"

"न्हाई."

"मग रोज कोण येतं?"

"आमी."

"मग रान कोणाचं झालं?"

पोरं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. मग ती रडकी पोरगीच हळूच म्हणाली, "आमचं?"

"मला नका विचारू, तुम्ही सांगा."

"आमचं!" सगळी एकदम ओरडली, आणि बाभळीवरची पाखरं उडाली.

सुट्टीनंतर काम सुरू झालं. बाटल्या वेचल्या, काटे काढले, दगड कडेला रचले. आणि एके दिवशी मी बघते तर शेजारणीची नात खुरपं घेऊन बसलेली. माझं डोकं फिरलं. हातात पळी होती, तशीच गेले.

"बाई, आमच्या मायबापानं जलमभर लोकांची रानं खुरपली. मी बी खुरपली. आमी लेकरं शाळंत कशाला घालताव? हातातलं खुरपं सुटावं म्हनून. आन तुमी हितं बी खुरपंच देताव व्हय? आमच्या बाबासायबांनी लेखणी धरा म्हनून सांगितलंय!"

मला वाटलं बाई चिडतील, नाहीतर गोड बोलून पाठवतील. त्यांनी हातातलं फावडं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "मावशी, तुम्ही बरोबर बोलून राहिल्या. आता मला सांगा, एवढी वर्षं तुम्ही खुरपलं. काय पेरायचं ते कधी कुणी विचारलं तुम्हाला?"

"आमाला कोन इचारतंय?"

"मी विचारते. काय पेरू?"

मी पळी खाली केली. आणि कुठून आलं कुणास ठाऊक, तोंडातून निघालं, "पावटा."

"का?"

"येळवसच्या भज्जीत पावटा न्हाई तर ती भज्जी कशाची? आमाला लोकांच्या वेलाचा मागावा लागतोय."

"ठरलं," बाई म्हणाल्या. "खुरपं सगळ्यांच्या हातात, लेखणी सगळ्यांच्या हातात. आणि खुरपणाऱ्यानंच पेरायचं काय ते ठरवायचं. ह्या रानाचा हा कायदा."

सगळ्यांच्या हातात म्हणजे सगळ्यांच्या. शेणाची पाटी उचलायची पाळी त्यांनी उंचीनं लावली, आडनावानं नव्हे. झालं! ज्यांच्या घरी शेण गडी काढतो, अशा एका घरचा बाप दुसऱ्याच दिवशी तणतणत आला. "आमच्या घरान्यात कुनी पाटी उचलली न्हाई. माजं पोरगं शिकायला यतंय, शेन काढायला न्हाई."

बाई म्हणाल्या, "अहो, हात दाखवा."

त्यानं बोलण्याच्या भरात हात पुढं केला. बाईंनी पिशवीतून नेलकटर काढलं आणि त्याची नखं कापायला सुरुवात केली. सोमवार होता, सोमवारी पोरांची नखं कापायचा दिवस. "किती वाढवली हो ही. बोला, बोला, मी ऐकून राहिले." तो बोलत राहिला, पण नखं कापून घेताना माणूस किती भांडणार? "आता दुसरा हात." दुसरा हात होईपर्यंत त्याचा राग उतरला होता. जाताना म्हणाला, "तेवढं पाटी जरा हलकी भरा." आणि पोरगं पाटी उचलत राहिलं.

शिकवण्याची त्यांची तऱ्हाही तशीच. पहिल्या साली पोरांनी हरभरा मुठीमुठीनं फेकला, जसं कोंबड्यांना दाणे टाकतात. बाई शेतकऱ्याची लेक, त्यांना दिसत नव्हतं का? मी म्हणाले, "बाई, दाट झालाय, पोरांना सांगा की." तर म्हणाल्या, "पाटीवरची चूक पुसली की गेली, मावशी. रानातली चूक महिनोन्‌महिने समोर उभी राहते. राहू द्या उभी." हरभरा आला तो पिवळा, उंच, काडीसारखा, घाट्यांचा पत्ता नाही. साहेब तपासणीला आले, बघून हसले, "बाई, हे काय पीक?" बाई म्हणाल्या, "हा आमचा भागाकाराचा धडा आहे. अजून सुटला नाही." पुढच्या साली पोरांनी वितीनं मापून एकेक दाणा टोकला. कुणाला सांगावं लागलं नाही.

शुक्रवारी गावातल्या कुणालातरी गुरुजी करायच्या. गोधडी शिवणारी म्हातारी आली, तिनं चौकोन-त्रिकोण जोडून दाखवले. शेळीवाली आली, तिनं शेळी वर्गातच आणली. पोरं धार काढायला शिकली आणि तोवर शेळीनं भिंतीवरचा फळांचा तक्ता खाल्ला, द्राक्षापासून सुरुवात करून. बाई म्हणाल्या, "तिलाही वाचता येतं म्हणायचं."

त्या रानातलं वांगं, मेथी, कोथिंबीर माझ्या खिचडीत पडायला लागली. वांग्यात कीड निघाली की पोरांचं भांडण, कुणाच्या वाफ्यातली म्हणून. पण पानात कुणी काही टाकेना. आपण पाणी घातलेली मेथी कोण टाकतंय?

आणि इथं कथेत भाऊसाहेब येतात. गावात असतो तसा एक मोठा माणूस. सरपंच त्यांची सून. सही तिची, बोलणं ह्यांचं. शाळेच्या मागचा रस्ता सरकारनं रुंद केला आणि आमची मागची जागा एका रात्रीत दर्शनी झाली. भाऊसाहेबांच्या डोळ्यात ती भरली. तिथं दुकानाचे गाळे काढायचे त्यांनी मनात धरलं.

एकदा ते बाईंना भेटायला शाळेत आले. बाईंपुढं दुसरीतली एक पोर उभी होती, तिच्या वाफ्यात कुणाची तरी कोंबडी शिरली ते सांगत होती, हातवारे करून. भाऊसाहेब आले आणि सरळ बोलायला लागले. बाई म्हणाल्या, "अहो थांबा. यांचं बोलणं चालू आहे."

भाऊसाहेब थांबले! आमच्या गावात त्यांना थांबवलेलं मी तरी पहिल्यांदा बघितलं. पोरीनं कोंबडीची गोष्ट सावकाश पुरी केली. कोंबडी कुणाची, रंग कसला, किती पानं खाल्ली, सगळं. तोवर भाऊसाहेबांचा चेहरा वांग्यासारखा झालेला.

"बाई, लेकरं मूठभर आन जागा केवढी. गावाच्या कामाला येऊ द्या," ते म्हणाले.

"गावाचीच लेकरं गावाच्या कामाला लावली आहेत," बाई म्हणाल्या. "जागा देणार नाही."

"तुमाला इचारायला न्हाई आलो. सांगायला आलोय."

"मग ऐकलं मी. आता तुम्ही पावटा बघून जा, फुलावर आला आहे."

भाऊसाहेबांनी मग दुसरा डाव टाकला. आमच्या वाड्यातल्या पोरांना गाळे देतो म्हणून सांगितलं. माझा थोरला मोबाईल दुरुस्तीचं शिकलेला. तो घरी येऊन म्हणाला, "आई, मला बी एक गाळा देतो म्हनलेत. तू त्या बाईच्या नादाला लागू नको. पावट्यानं पोट भरत नसतं."

"गाळा कुनाच्या नावावर?"

"त्येंच्याच. आपन भाड्यानं."

"म्हंजी परत दुसऱ्याच्याच रानात."

तो पाय आपटत निघून गेला. पण मला रात्रभर झोप नाही. पोराचं पोट एकीकडं आणि हा हिरवा तुकडा एकीकडं. कोण आई सोपं म्हणेल?

पुढची येळवस आली. पावटा लदबदलेला, हरभरा घाट्यावर, वांगी, पातीचा कांदा, सगळं आमचं. बाई म्हणाल्या, "यंदा कोप इथंच." सुट्टीचा दिवस, बाईंनी घरी जायचं तर त्या पहाटेच हजर. आमच्या वाड्यातली सगळी आली, वडारवस्ती आली, माळावर पालं ठोकून राहिलेली ऊसतोडीची माणसं आली. कडबा कोण आणणार म्हणून घोर होता, तर माझाच थोरला डोक्यावर पेंढ्या घेऊन आला. माझ्याशी बोलला नाही. पेंढ्या टाकल्या आणि कोप बांधायला लागला.

कोपीत काय मांडायचं यावरून पोरांचं जुंपलं. कुणी म्हणे लक्ष्मी, कुणी म्हणे पाच पांडव, आमच्यातली म्हणे बुद्ध. बाई म्हणाल्या, "ज्यानं तुमचं पीक आणलं ते मांडा." पोरांनी विचार केला आणि नेऊन ठेवलं काय, तर खुरपं, शेणाची पाटी आणि पाणी घालायची फुटकी बादली. बादलीपुढं सगळ्यांनी हात जोडले. मीसुद्धा.

मग पोरं आंबिलीचं भांडं घेऊन कडेकडेनं पळाली, लिंबाच्या डहाळीनं आंबील शिंपडत, "ओलगे ओलगे, सालम पलगे!" ह्याचा अर्थ काय ते आमच्याकडं कुणालाच ठाऊक नाही. बाप ओरडला म्हणून पोरगं ओरडतं. पण आजवर आमच्या लेकरांनी दुसऱ्याच्या बांधावर ओरडलेलं, आज आपल्या. आवाज वेगळाच निघत होता.

पहिली पंगत बसली तेवढ्यात रस्त्यावर जेसीबी आला. मोकळ्या गावात त्याचा केवढा आवाज. शेजारणीची नात उठली आणि रस्त्याकडं धावली. मी "अगं अगं" म्हणेपर्यंत ती हात हलवून ओरडत होती, "मामा, आंबील प्यायला या! आमच्या रानात या!"

आमच्यासारख्या बिनरानाच्या कुणी येळवसला बांधावरच्या माणसाला हाक मारली, ते माझ्या आयुष्यात पहिल्यांदा.

ड्रायव्हर उतरला. निलंग्याकडचा गडी, येळवसच्या दिवशी कामाला निघालेला, तोंड सुकलेलं. बसला, पोटभर भज्जी खाल्ली, उंडे खाल्ले, आंबील दोनदा मागून घेतली. मग तोंड पुसत म्हणाला, "मावशे, शाळंच्या मागची मोकळी जागा कुटं हाय? पाया खांदायचाय. मालक म्हनले, आज गावात चिटपाखरू नसतंय, आजच उरकून टाक."

ऊसतोडीच्या बायांचे घास हातात राहिले.

बाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही तिथंच बसलेले आहात."

त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. पावट्याचे वेल, वांग्याचे वाफे, कोप. "आरं तिच्या! मला तर गाजरगवत हाय म्हनून सांगितलं." आणि तिथूनच फोन लावला, "मालक, तुमी म्हनता चिटपाखरू न्हाई, हितं तर जत्रा भरलीय."

भाऊसाहेबांचं गणित तिथं चुकलं होतं. येळवसला गाव रानात जातं हे त्यांना ठाऊक. पण ज्यांना रान नाही ती माणसं त्या दिवशी कुठं जातात, हे जन्म त्या गावात काढून त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

जीप घेऊन आले. मागं त्यांची म्हातारी आई, मांडीवर जेवणाची दुरडी.

"कुनाला इचारून कोप घातली?"

"अहो, या, बसा," बाई म्हणाल्या.

"सुट्टीच्या दिवशी शाळा उघडता, लेकरांकडून कामं करून घेता. वर कळवतो. बदली करून दावतो तुमची."

"कळवा. बदली माझी होईल. रानाची कशी करणार?"

ते ड्रायव्हरकडं वळले. "लाव रे बकेट."

तो हात पुसत उभा राहिला. "मालक, ह्या रानातली आंबील प्यालोय. आज न्हाई जमत."

"मंग उद्या ये."

"उद्या बी न्हाई. घरी माय इचारंल, येळवसचं कुटं जेवलास. तिला काय सांगू, जेवलो आन तितंच खांदलं?"

"हितला धनी कोन हाय?" भाऊसाहेब आमच्यावर ओरडले. "कुनाच्या नावावर हाय ही जमीन, सांगा की!"

बाई आमच्याकडं बघत राहिल्या, वर्गात प्रश्न टाकून थांबायच्या तशा. मी तांब्या भरला आणि पुढं झाले. माझा थोरला उठून माझ्या शेजारी उभा राहिला.

"भाऊसाब, येळवसला बांधावरच्या माणसाला आमी उपाशी जाऊ देत न्हाई. बसून प्या, न्हाईतर उभ्यानं प्या. पर हितं बोलायचं असंल तर पावन्यासारखं बोला. धनी आमी हाव."

तांब्या मी वरून ओतायला नव्हे, हातात द्यायला धरला. त्यांनी हात पुढं केला नाही. तो तांब्या तसाच मधे. तेवढ्यात जीपमधून म्हातारी म्हणाली, "आन बाई हिकडं. येळवसची आंबील परत करू नये." तिनं माझ्या हातातून घेतला, तोंडाला लावला, सगळा प्याली, पदरानं ओठ पुसले. "लसून चांगला पडलाय. आता चल रं, आपल्या रानात पावनं खोळंबलेत."

आपल्या रानात, म्हणाली. सगळ्यांनी ऐकलं. भाऊसाहेबांनीही.

बदली मात्र झाली. उन्हाळ्यात कागद आला आणि बाई हदगावकडं गेल्या. पारावर म्हणाले, "बाई हरली." फावडं स्कूटीला बांधताना मी त्यांना तेच सांगितलं, रडत. तर म्हणाल्या, "मावशी, तिकडंही शाळेच्या मागं गाजरगवत असेलच की." आणि गेल्या. मागं वळून बघितलंसुद्धा नाही, इतक्या खाष्ट.

नवे गुरुजी आले ते भित्रे. माणूस भला, पण पटकन घाम फुटतो. पहिल्या येळवसला म्हणाले, "सुट्टी आहे, मी फाटक उघडणार नाही, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे." आम्ही म्हणलं, नका उघडू. कुंपणावरून कडबा आत टाकला, कुंपणावरून लेकरं टाकली. मला ह्या वयात माझ्या थोरल्यानं उचलून आत सोडलं. तो आता बसस्टँडजवळ टपरीत मोबाईल दुरुस्त करतो, टपरी स्वतःची आहे. गुरुजी खोलीवर एकटेच होते. दुपारी पोरांनी जाऊन हाक मारली तेव्हा आले, जेवले, आणि जाताना कुणाला सांगू नका म्हणाले.

परवा भाऊसाहेबांनी पुन्हा रस्त्याच्या कडेनं चुन्याची रेघ मारून घेतली, खुंट्या ठोकल्या. पोरांनी खुंट्या उपटल्या आणि पावट्याच्या वेलाला आधार म्हणून लावल्या. निरोप आलाय की यंदा बंदोबस्त घेऊन येतो, आणि दिवस सांगून येणार नाही.

न सांगता येऊ द्या. येळवसला या म्हणावं, लग्नसराईत या, भर पावसात या, वर्षातला पाहिजे तो दिवस निवडा. आम्ही इथंच सापडू. आम्हाला जायला दुसरं रान नाही.